काकांची हार्डडिस्क माझ्या लॅपटॉपला जोडली, पण फोल्डर कॉपी होत नाही: 'ॲक्सेस डिनाइड'

सुरंगी_वळेसर (शनिवार, रात्री ९.४०)

नमस्कार. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

आमचं घर वेंगुर्ले तालुक्यात. माझ्या धाकट्या काकांना दशावताराचं वेड. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की ते गावोगावचे दहिकाले, म्हणजे जत्रेतले दशावताराचे रात्रीचे खेळ, बघत हिंडायचे. पुढे त्यांनी मिनी-डीव्ही कॅमेरा घेतला आणि देवळाच्या आवारात स्टँड लावून रात्र रात्र बसायला लागले. अशा २७ कॅसेट जमल्या. त्या सगळ्या त्यांनी स्वतः कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या होत्या.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद नट तिथल्या तिथे रचतात. म्हणजे त्या रात्री जे बोललं गेलं ते तेवढंच, पुन्हा तसं कुणी बोलणार नाही. काकांच्या चित्रीकरणातले दोन-तीन नट आज हयात नाहीत.

काका गेल्या वर्षी गेले. कॉम्प्युटर दोन पावसाळे माळ्यावर होता, आता सुरूच होत नाही. आतली ५०० जीबीची मोठी, साडेतीन इंची डिस्क काढली, कुडाळहून वेगळ्या अडॅप्टरचं केसिंग आणलं आणि माझ्या विंडोज ११ च्या लॅपटॉपला जोडली. डिस्क दिसते. 'युजर्स'मधलं काकांचं फोल्डरही दिसतं. उघडायला गेले की 'परवानगी नाही' येतं. 'कंटिन्यू' दाबलं की हिरवी पट्टी चालते आणि मग 'ॲक्सेस डिनाइड'. फोल्डरचा आकार ० बाइट्स दाखवतो. नवीन २ टीबीचा बाहेरचा ड्राइव्ह आणून ठेवलाय, त्यावर कॉपी करायची आहे.

० बाइट्स बघून पोटात गोळा आला. काय करू?

बंदरावरचा (शनिवार, रात्री १०.०५)

ताई, सोपं आहे. डिस्कवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी. 'एव्हरीवन' घाला, 'फुल कंट्रोल' द्या आणि खालच्या सगळ्या फोल्डरांना लागू करा. मी मालवणात दुकानातल्या जुन्या डिस्कवर असंच केलं होतं, सगळं उघडलं.

खाडीपलीकडे (शनिवार, रात्री १०.३०)

ताई, कृपया थांबा. अजून काहीही लागू करू नका, आणि 'कंटिन्यू'ही पुन्हा दाबू नका, तेही डिस्कवरच्या परवानग्या बदलायला जातं.

बंदरावरचा, तुमच्या उपायाने फोल्डर उघडतं हे खरं. पण इथे तो लावू नये, त्याची कारणं आहेत. एकतर त्या उपायाने जुन्या डिस्कवरच्या प्रत्येक फाइलची परवानग्यांची नोंद पुन्हा लिहिली जाते. दोन पावसाळे माळ्यावर पडलेल्या डिस्कवर पहिलं काम वाचायचं असावं, लिहायचं नव्हे. मध्येच वीज गेली तर निम्म्या फाइलींना नवी परवानगी आणि निम्म्यांना जुनी अशी अवस्था होते. आणि घाईत जुन्या डिस्कऐवजी लॅपटॉपच्याच सी ड्राइव्हवर हे लागू झालं तर विंडोजची घडी विस्कटते. रत्नागिरीत मी हे काम रोज करतो, तशी दोन मशीनं निस्तरली आहेत.

आता ० बाइट्सचं. फाइली गेलेल्या नाहीत. ज्या फोल्डरच्या आत बघायची परवानगी नाही त्याची बेरीज विंडोजला करता येत नाही, म्हणून शून्य दिसतं. डिस्कवर राइट क्लिक करून एकूण वापरलेली जागा किती ते बघा. ती साडेतीनशे जीबीच्या वर असेल तर कॅसेट जागेवर आहेत.

परवानगी का नाही, ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं उलगडेल. विंडोज ज्या पद्धतीने डिस्कवर फाइली मांडते त्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक फाइलबरोबर मालक कोण आणि कुणाला काय करता येईल याची यादी लिहिलेली असते. त्या यादीत 'काका' असं नाव नसतं, एक लांबलचक क्रमांक असतो. तो एस-१-५-२१ ने सुरू होतो आणि त्याचा मुख्य भाग विंडोज बसवताना तयार होतो. त्या क्रमांकाचा माणूस कोण हे फक्त काकांच्या कॉम्प्युटरला माहीत होतं. तुमच्या लॅपटॉपला तो परका, म्हणून सिक्युरिटीच्या खिडकीत नावाच्या जागी 'अननोन अकाउंट' आणि आकडे दिसतात. तुम्ही लॅपटॉपवर काकांच्याच नावाचं, तोच पासवर्ड असलेलं खातं उघडलंत तरी क्रमांक वेगळाच येणार.

सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव राहिलं म्हणून जमीन कुठे जात नाही. इथे तसंच आहे.

एक मात्र आधी सांगा. फाइलींची नावं हिरव्या रंगात आहेत का, किंवा चिन्हाच्या कोपऱ्यात छोटं कुलूप आहे का?

सुरंगी_वळेसर (शनिवार, रात्री १०.५०)

वापरलेली जागा ३८१ जीबी! जीव भांड्यात पडला. वरच्या पातळीवरची जी नावं दिसतात ती साधी काळी आहेत, कुलूप कुठेच नाही. कुलूप असतं तर काय?

खाडीपलीकडे (शनिवार, रात्री ११.१०)

कुलूप म्हणजे ईएफएस पद्धतीने फाइल खरोखर सांकेतिक करून ठेवलेली. तिथे मालकी बदलून काहीही होत नाही, जुन्या खात्याचं प्रमाणपत्रच लागतं. परवानगीची यादी ही दाराबाहेरची पाटी आहे, मजकूर आत साधाच असतो. ईएफएसमध्ये मजकूरच बदललेला असतो. तुमच्याकडे फक्त पाटी आहे.

आता काम. रोबोकॉपी नावाची कमांड विंडोजमध्येच असते. तिचा 'बी' पर्याय म्हणजे बॅकअप पद्धत: ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली तर ती परवानगीची यादी न विचारता फाइल वाचते. जुन्या डिस्कवर एक अक्षरही बदलावं लागत नाही.

स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधा, राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. जुनी डिस्क जी आणि नवी एच आहे असं धरतो. उच्चाराप्रमाणे लिहितोय, तुम्ही रोमन अक्षरांत टाइप करा आणि फोल्डरची नावं डिस्कवर आहेत तशीच घाला:

रोबोकॉपी "जी:\युजर्स\काका\व्हिडिओज" "एच:\दशावतार" /ई /बी /कॉपी:डीएटी /डीकॉपी:डीएटी /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१ /लॉग:एच:\नोंद.टीएक्सटी /टीईई

'ई' म्हणजे आतली सगळी फोल्डरं, रिकामी धरून. 'लॉग' नोंदीची फाइल बनवतं आणि 'टीईई' तेच पडद्यावरही दाखवतं. 'कॉपी:डीएटी' म्हणजे मजकूर, गुणधर्म आणि तारखा न्यायच्या, परवानग्या न्यायच्या नाहीत. हे महत्त्वाचं आहे. बरेच जण 'कॉपीऑल' लिहितात, मग काकांचा तो परका क्रमांक नव्या ड्राइव्हवरही जातो आणि तिथेही हाच खेळ सुरू होतो.

'आर' आणि 'डब्ल्यू' विसरू नका. न सांगितल्यास रोबोकॉपी एका अडलेल्या फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. रात्री लावून झोपलात तर सकाळी तिथेच.

'एक्सजे' का, तेही सांगतो. 'डॉक्युमेंट्स'मध्ये 'माय म्युझिक', 'माय व्हिडिओज' अशी फोल्डरं दिसतील, ती खरी फोल्डरं नव्हेत. जुन्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेले ते नुसते बाण आहेत, आणि त्यांच्यावर 'आत बघू नये' असा नियम मुद्दाम लावलेला असतो. तिथे 'ॲक्सेस डिनाइड' येणं हाच त्यांचा धर्म. तो नियम काढून टाकलात तर 'ॲप्लिकेशन डेटा'सारखा बाण स्वतःकडेच वळतो आणि कॉपी संपतच नाही.

'मिर' हा पर्याय कुणी सुचवला तरी वापरू नका. ज्या फोल्डरमध्ये कॉपी करायची तिथे आधीपासून असलेलं जे जुन्यावर नाही, ते तो पुसून टाकतो.

देवगडचा_वारा (रविवार, सकाळी ७.१५)

खाडीपलीकडे यांनी सगळं नेमकं सांगितलंय. माझी एकच भर: नवा ड्राइव्ह कोणत्या पद्धतीने फॉरमॅट आहे ते आधी बघा. मिनी-डीव्हीचं चित्रीकरण जसंच्या तसं उतरवलं तर तासाला सुमारे १३ जीबी होतं. जुन्या फॅट३२ पद्धतीवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. तिथे 'फाइल फार मोठी आहे' असा निरोप येतो आणि माणूस परवानगीच्या मागे लागतो.

पहिली प्रत एनटीएफएसवरच करा. आणि लॅपटॉपसह केसिंगचा अडॅप्टर यूपीएसवर ठेवा. साडेतीन इंची डिस्कला यूएसबीची वीज पुरत नाही, तिला १२ व्होल्ट वेगळे लागतात. लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील, पण डिस्क बंद पडेल. आमच्याकडे काल संध्याकाळपासून तीनदा गेली.

सुरंगी_वळेसर (रविवार, दुपारी ३.३०)

शेजारच्या दादांकडून यूपीएस आणला. सकाळी देवाला नमस्कार करून कमांड लावली. फाइलींची नावं एकापाठोपाठ एक दिसायला लागली, त्यांत काकांनी गावांची नावं घातलेली: आरवली, मातोंड, परुळे. आई शेजारी बसून वाचत होती.

पण तेवढ्यावर थांबले नाही. व्हिडिओ झाल्यावर वाटलं, अख्ख्या डिस्कचीच प्रत घ्यावी, काकांची पत्रं वगैरे असतील. म्हणून जी:\ पासून एच:\काकांची_डिस्क मध्ये तीच कमांड लावली. चालली, संपली. नव्या ड्राइव्हवरची मोकळी जागा कमी झालीये, पण 'काकांची_डिस्क' फोल्डर कुठेच दिसत नाही!

शिवाय नोंदीच्या फाइलमध्ये एका कॅसेटपुढे एरर २३ आहे. 'बी' असूनही परवानगी कशी अडली?

खाडीपलीकडे (रविवार, दुपारी ४.००)

फोल्डर आहे, लपलंय. डिस्कच्या मुळाशी 'हिडन' आणि 'सिस्टीम' असे गुणधर्म असतात. मुळापासून कॉपी केली की रोबोकॉपी ते गुणधर्म नव्या फोल्डरला चिकटवते. तीच काळी खिडकी उघडून लिहा: ॲट्रिब -एस -एच "एच:\काकांची_डिस्क". लगेच दिसेल.

मुळापासून करताना जी:\ ला अवतरणचिन्हं घातली नाहीत ते बरं केलंत. तिथे उलटा स्लॅश आणि अवतरण शेजारी आले की कमांड पुढचं सगळं एकाच नावात गिळते.

त्या फोल्डरमध्ये 'सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' आणि रिसायकल बिनही आलं असेल. नव्या प्रतीतून ते काढलंत तरी चालेल.

आता एरर २३. ही परवानगी नव्हे. परवानगीचा आकडा ५. २३ म्हणजे डिस्कचा तो तुकडाच वाचता येत नाहीये. मालकी बदलून, एव्हरीवन घालून, काही करून तो सुटणार नाही. घाईने चेकडिस्क या विंडोजच्या साधनाने दुरुस्तीही करू नका, ती डिस्कवर लिहिते. जुनी डिस्क आत्ता बंद करून ठेवा. कॅसेट क्रमांक किती?

सुरंगी_वळेसर (रविवार, दुपारी ४.२०)

फोल्डर दिसलं! आणि पत्रं नाहीत, पण काकांनी प्रत्येक रात्रीची वही टाइप करून ठेवली आहे: आख्यान कोणतं, कंपनी कोणती, पेटीवर कोण, मृदंगावर कोण. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

अडलेली कॅसेट १९. मूळ कॅसेट कपाटात मिळाली, पण फितीवर पांढरी बुरशी आहे.

माडाची_वाडी (रविवार, संध्याकाळी ६.१०)

बुरशीची कॅसेट कॅमेऱ्यात अजिबात घालू नका, हेड खराब होतं आणि फीतही. कोरड्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा.

एरर २३ साठी माझा अनुभव सांगते. मी गुहागरची, लिनक्स वापरते. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा, विंडोजला हात लागत नाही. तिथे एनटीएफएस-३जी नावाच्या ड्रायव्हरने जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट करा, म्हणजे उघडा. नेहमीच्या मांडणीत तो विंडोजच्या परवानग्या बघतच नाही, त्यामुळे काकांचं फोल्डर थेट उघडेल. मग डीडीरेस्क्यू बसवून फक्त १९ नंबरची फाइल नव्या ड्राइव्हवर उतरवा. सोबत मॅप फाइल, म्हणजे कुठवर आलं त्याची नोंद, द्या, म्हणजे मध्ये थांबलं तरी पुढे तिथूनच सुरू होतं. हे साधन आधी चांगला भाग घेतं आणि मग खराब तुकड्याकडे परत परत येतं. साधी कॉपी पहिल्या खड्ड्यातच थांबते.

नवा ड्राइव्ह लिनक्समध्ये 'फक्त वाचता येईल' असा उघडला तर तीही तुमच्या परवानगीची भानगड नव्हे. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन हे खरं शटडाउन नसतं, ड्राइव्ह अर्धवट उघडा राहतो आणि लिनक्स त्यावर लिहायला नकार देतं. शिफ्ट धरून शटडाउन करा, मग पेनड्राइव्ह लावा.

आणि लिनक्सवरून लिनक्सवर नेणाऱ्यांसाठीही लिहून ठेवते, कारण तिथे हाच गुंता वेगळ्या वेषात येतो. लिनक्सच्या एक्स्ट४ पद्धतीच्या डिस्कवरही मालकाचं नाव नसतं, आकडा असतो. उबुंटूवर पहिल्या माणसाला १००० मिळतो, दुसऱ्याला १००१. माझ्या लॅपटॉपवर मी १००१ होते, भावाच्या लॅपटॉपवर १००० तो स्वतः. माझी डिस्क त्याने जोडली की माझे फोटो परक्याचे. लोक अशा वेळी सरळ ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, लावतात. नका लावू: प्रत्येक फोटो 'चालवता येणारा' होतो आणि कुणीही काहीही पुसू शकतं. चाउन कमांडने मालक बदला, आणि लागलंच तर परवानग्या बदलणाऱ्या सीएचमॉड कमांडला यू+आरडब्ल्यूएक्स द्या, त्यातला एक्स मोठ्या लिपीतला. तो मोठा एक्स आत शिरायची परवानगी फोल्डरांना देतो, साध्या फाइलींना देत नाही.

बंदरावरचा (रविवार, रात्री ९.००)

सातबाऱ्याच्या दाखल्याने मला आज पहिल्यांदा हे नीट समजलं. दुकानातल्या डिस्कवर मी एव्हरीवन घातलं होतं, तिथे हिशेबाची फोल्डरं आहेत आणि आता कामावरची मुलंही ती उघडू शकतात. ते मागे कसं घ्यायचं?

खाडीपलीकडे (रविवार, रात्री ९.२५)

आधी डिस्कच्या मुळावर सिक्युरिटीत एव्हरीवन काढून तुमचं खातं आणि ॲडमिनिस्ट्रेटर्स, सिस्टीम एवढंच ठेवा. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून: आयकॅक्ल्स "ई:\हिशेब" /रीसेट /टी /सी. याने आतल्या प्रत्येक फाइलची स्वतंत्र यादी पुसली जाते आणि वरच्या फोल्डरची यादी खाली वाहते. मालकीच अडली तर त्याआधी टेकओन /एफ "ई:\हिशेब" /आर /डी वाय.

ताई, तुम्हीही नव्या ड्राइव्हवर एकदा सिक्युरिटी उघडून बघा. तिथे परका आकडा दिसला तर हीच रीसेट कमांड एच वरच्या दोन्ही फोल्डरांना द्या. ती नवी प्रत आहे, तिथे बदल करायला हरकत नाही.

सुरंगी_वळेसर (बुधवार, रात्री ८.१५)

उशीर झाला, दोन दिवस लाईटचा लपंडाव होता.

माडाची वाडी, तुमचे उपकार कसे फेडू? कॅसेट १९ आली. डीडीरेस्क्यूने शेवटी ४८ केबी वाचता येत नाही असं दाखवलं, बाकी सगळं आलं.

देवगडचा_वारा (बुधवार, रात्री ८.४०)

४८ केबी म्हणजे काहीच नव्हे. आपल्याकडच्या पाल या टीव्हीच्या पद्धतीत डीव्हीचं एक चित्र ठरलेल्या मापाचं असतं, १,४४,००० बाइट्स, आणि सेकंदाला अशी २५ चित्रं. सलग तुकडा असेल तर एक चित्र, फार तर दोन खराब. दाबून लहान केलेल्या आजच्या व्हिडिओत एवढ्या खड्ड्याने पुढची कितीतरी चित्रं बिघडतात. म्हणून या मूळ फाइली लहान करून मूळ पुसायचा मोह करू नका. मोबाइलवर बघायला वेगळी लहान प्रत बनवा.

सुरंगी_वळेसर (बुधवार, रात्री ९.३०)

बघितलं. संकासूर येतो तिथेच एकदा चौकोन चौकोन होतात आणि लगेच चित्र सावरतं. आवाजही तुटत नाही. आईने ते तीनदा बघितलं, मागून काकांचा खोकला ऐकू येतो म्हणून.

आता दुसरी प्रत. चुलतभाऊ मुंबईत मॅक वापरतो, त्याला माझा ड्राइव्ह दिला तर फाइली दिसतील का? आणि तिसरी प्रत गावच्या वाचनालयाला द्यायची आहे, तिथला कॉम्प्युटर कधी बदलेल सांगता येत नाही.

खाडीपलीकडे (बुधवार, रात्री ९.५०)

मॅकवर एनटीएफएस वाचता येतं, लिहिता येत नाही. नुसतं बघायचं असेल तर हाच ड्राइव्ह चालेल. पण त्याला आणि वाचनालयालाही एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला ड्राइव्ह द्या. एक्सफॅटमध्ये मालक आणि परवानगी ही गोष्टच नसते. विंडोज, मॅक, लिनक्स, कुठेही जोडा, कुणी अडवत नाही. ४ जीबीची अटही नाही.

त्याची दुसरी बाजूही सांगतो. कुणी अडवत नाही म्हणजे पुसायलाही अडवत नाही. आणि एनटीएफएससारखी बदलांची नोंदवही त्यात नसते, त्यामुळे कॉपी चालू असताना उपसला तर नुकसान जास्त. वाचनालयात 'इजेक्ट केल्याशिवाय काढू नये' अशी चिठ्ठी ड्राइव्हवरच चिकटवा. लिनक्सवरून आरसिंक या कॉपीच्या कमांडने एक्सफॅटवर नेणार असाल तर 'ए' पर्यायाने 'चाउन फेल्ड' अशा ओळींचा पाऊस पडेल. मालकच नाही तर मालक लिहिणार कुठे? तिथे 'ए' ऐवजी आर आणि टी एवढेच पर्याय द्या.

आणि प्रत झाली की मोजून घ्या. सर्टयुटिल -हॅशफाइल, पुढे फाइलचं नाव, पुढे एसएचए२५६. ही कमांड फाइलच्या मजकुरावरून एक लांब आकडा काढते. मूळ आणि प्रत दोन्हींचा आकडा एकच आला पाहिजे. २७ फाइली आहेत, एक संध्याकाळ जाईल.

सुरंगी_वळेसर (शुक्रवार, रात्री १०.२०)

एक नाही, दोन संध्याकाळी गेल्या. सव्वीस फाइलींचे आकडे जुन्या डिस्कशी जुळले. १९ चा मूळ डिस्कवर काढताच येत नाही, म्हणून माझ्या ड्राइव्हवरची फाइल मूळ धरून वाचनालयाच्या प्रतीशी जुळवली. आकड्यांची यादी काकांच्या वहीच्या फोल्डरमध्येच ठेवली आहे.

जुनी डिस्क सिलिका जेलसह डब्यात बंद केली. तिच्यावर आपण काही लिहिलं नाही, माझं ते एक-दोनदा 'कंटिन्यू' दाबणं सोडलं तर.

रविवारी वाचनालयात ड्राइव्ह देणार आहे. चिठ्ठी लिहून झाली.

माडाची_वाडी (शुक्रवार, रात्री १०.४५)

ताई, वहीत मृदंगावर कोण हे लिहिलंय म्हणालात. मातोंडच्या रात्री कोण होतं ते बघून सांगाल का? माझे आजोबा तेव्हा त्या भागात वाजवायला जायचे.

सुरंगी_वळेसर (शुक्रवार, रात्री १०.५०)

बघते आणि तुम्हाला खाजगी निरोपात नाव कळवते. तेच निघाले तर त्या रात्रीच्या चारही फाइली तुमच्यासाठी वेगळ्या ड्राइव्हवर काढून ठेवते. एक्सफॅटच करते.